बँकेच्या एन्ट्र्या एआयकडून खात्यांमध्ये लावून घेतल्या, आता या आकड्यांवर विश्वास कसा ठेवू?

कोरी_पाटी

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय, नीट सांगितल्याशिवाय घोळ कुठे झालाय ते कळणार नाही.

माझा एकट्याचा छोटा व्यवसाय आहे, डिझाइनची कामं घेतो आणि जोडीला तयार टेम्प्लेट्स ऑनलाइन विकतो. एक बँक अकाउंट, एक बचतीचं अकाउंट, एक क्रेडिट कार्ड आणि एक पेमेंट गेटवे. सुरुवातीचे काही महिने घरचा आणि धंद्याचा खर्च एकाच अकाउंटमधून झालाय, तेव्हा अक्कल नव्हती. हिशेब १४ महिने तुंबलेला. सगळी स्टेटमेंट्स एकत्र केली तर १,८६४ ओळी झाल्या. हाताने बसलो असतो तर महिना गेला असता, म्हणून मी सगळं एका एआय चॅटबॉटला टाकलं आणि सांगितलं की प्रत्येक ओळीला कॅटेगरी लाव आणि शेवटी नफा-तोटा काढून दे.

वीस मिनिटांत झालं सगळं. बघून इतका आनंद झाला की त्या रात्री निवांत झोपलो. दुसऱ्या दिवशी बघायला लागलो तर एकेक दिसायला लागलं. एकाच सॉफ्टवेअरचं मासिक बिल कधी 'सॉफ्टवेअर', कधी 'सबस्क्रिप्शन', कधी 'आयटी खर्च', एका ठिकाणी तर 'कार्यालयीन साहित्य'. मी बचतीच्या अकाउंटमधून चालू अकाउंटला पैसे फिरवले ते 'उत्पन्न' म्हणून धरलेत. कार्डवरची खरेदी खर्चात धरली आणि त्याच कार्डचं बिल भरलं तेही पुन्हा खर्चात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे परत आलेल्या ओळी मोजल्या तर १,८५१. तेरा ओळी कुठे गेल्या माहीत नाही, त्याने एका शब्दाने सांगितलंही नाही.

आता मला प्रश्न असा पडलाय की हे काम एआयला द्यायचंच नाही का? का माझी द्यायची पद्धत चुकली? बऱ्याच ओळी त्याने बरोबरही लावल्यात, मला स्वतःला आठवत नव्हत्या त्या सुद्धा, त्यामुळे सगळं फेकून द्यायला मन होत नाहीये. पण कुठली ओळ बरोबर आणि कुठली चूक हे शोधायला परत १,८६४ ओळी वाचायच्या असतील तर मग फायदा काय. कोणी हे नीट करून बघितलंय का?

---

पक्की_किर्द

तुमचं वाचून वाईट वाटलं पण आश्चर्य नाही वाटलं. मी बरीच वर्षं छोट्या व्यावसायिकांची पुस्तकं लिहिते आणि गेली दोनेक वर्षं या कामात एआय वापरतेय, रोज वापरतेय. काम द्यायचंच नाही असं मी म्हणणार नाही, पण तुम्ही त्याला जे काम दिलंत ते दोन वेगळ्या कामांचं मिश्रण आहे आणि त्यातलं एक त्याला जमणारच नाही.

पहिलं काम म्हणजे बँकेच्या त्या तुटक्या मजकुरावरून समोरचा कोण आहे ते ओळखणं. अर्धवट नावं, मध्येच आकडे, शहराचा कोड, गेटवेचं नाव आधी आणि दुकानाचं नंतर, हे वाचून 'हे होस्टिंगवाले दिसतायत' असं सांगणं, यात तो उत्तम आहे, माझ्यापेक्षा चांगला आहे. दुसरं काम म्हणजे तो पैसा कशासाठी गेला ते ठरवणं. आणि हे त्या ओळीत लिहिलेलंच नसतं हो! एकाच दुकानातून तुम्ही कागद आणता, मुलांच्या वह्या आणता आणि ग्राहकाच्या कामासाठी खास प्रिंट काढून घेता. ओळ तिन्ही वेळा अगदी सारखी दिसणार. पहिला कार्यालयीन खर्च, दुसरी तुमची वैयक्तिक उचल, तिसरा त्या कामाचा थेट खर्च. बँकेला हे माहीत नाही, एआयला कुठून माहीत असणार? कार्डवाल्या व्यवहारांना जो चार आकडी व्यापारी कोड असतो, म्हणजे ५८१२ म्हणजे खानावळ-रेस्टॉरंट, ४१२१ म्हणजे टॅक्सी वगैरे, त्याचंही तेच, तो विकणारा कोण ते सांगतो, तुम्ही काय घेतलं आणि का घेतलं ते सांगत नाही.

एक जुनी गोष्ट सांगते कारण मला ती या बाबतीत फार पटते. १४९४ साली व्हेनिसमध्ये लुका पाचोलीने दुनोंदी पद्धत (प्रत्येक व्यवहार दोन खात्यांत लिहायचा, एकात नावे आणि एकात जमा) छापून मांडली, त्यात तीन वह्या सांगितल्यात. पहिली कच्ची वही, जिच्यात व्यवहार झाला की लगेच साध्या शब्दांत लिहायचं, कोणाकडून, कशासाठी, काय ठरलं. त्यावरून मग किर्द, म्हणजे तारीखवार नोंदींची वही, आणि किर्दीवरून खतावणी, म्हणजे खात्याप्रमाणे वेगळी केलेली वही. आज आपण काय करतो, कच्ची वही लिहीतच नाही, बँकेचं स्टेटमेंट घेतो आणि थेट खतावणी मागतो. 'कशासाठी' ही माहिती ज्या वहीत असायची ती वहीच राहिली नाही, आणि मग एआयने ती मनाने भरली की आपण म्हणतो चुकलं.

म्हणून माझ्याकडे पहिला नियम हा की एआयला 'माहीत नाही, विचारा' असं उत्तर द्यायची मोकळीक द्यायची, आणि ती नुसती मोकळीक नाही, यादीतलं एक अधिकृत खातंच (खातं म्हणजे तुम्ही म्हणता ती कॅटेगरी) ठेवायचं. आपण पूर्वी सस्पेन्स खातं वापरायचो तसंच, न उलगडलेल्या नोंदी तात्पुरत्या ठेवायला. ती सोय दिली नाही तर तो काहीतरी लावणारच, रिकामं सोडणार नाही, कारण तुम्ही प्रत्येक ओळीला कॅटेगरी मागितलीत.

दुसरा नियम, खात्यांची यादी तुम्ही द्यायची, त्याने बनवायची नाही. तुमच्यासारख्या व्यवसायाला २५-३० खाती खूप झाली. प्रत्येक खात्यापुढे एक ओळ लिहा की यात काय येतं आणि काय येत नाही. 'सॉफ्टवेअर: मासिक आणि वार्षिक सबस्क्रिप्शन, होस्टिंग, डोमेन. यात लॅपटॉप किंवा दुसरं हार्डवेअर नाही.' ही 'काय येत नाही' वाली ओळ फार उपयोगी पडते, करून बघा.

आणि तिसरं, एआयला काहीही देण्याआधी स्वतःच्या अकाउंटमधल्या आपसातल्या फिरवाफिरवीच्या ओळी बाजूला काढा. बचतीतून चालूला, बँकेतून कार्डला. या ओळी दोन्ही स्टेटमेंटमध्ये असतात, एकीकडे नावे (पैसे गेले) आणि एकीकडे जमा (पैसे आले), रक्कम तीच, तारीख तीच किंवा एक-दोन दिवसांच्या फरकाने. जोड्या लावायच्या आणि वेगळ्या ठेवायच्या. त्या ना उत्पन्न ना खर्च. तुमचा नफा-तोटा बिघडायचं सर्वात मोठं कारण हेच असणार बघा.

---

अर्धविराम

वरचं सगळं पटलं. मी हिशेबाचा माणूस नाही, प्रोग्रामर आहे, पण घरच्या व्यवसायासाठी हेच बसवलंय म्हणून तांत्रिक बाजू सांगतो.

तुमच्या तेरा ओळी गेल्या त्याचं कारण बहुतेक हे की तुम्ही शेकडो ओळी एकदम टाकल्या आणि त्याला त्या परत लिहायला लावल्या. भाषेचं मॉडेल तक्ता कॉपी करत नसतं, ते प्रत्येक शब्द नव्याने तयार करत असतं, आणि सारख्या दिसणाऱ्या ओळी एकाखाली एक आल्या की एखादी गाळतं किंवा दोनाची एक करतं. रक्कमसुद्धा बदलू शकतं हे लक्षात घ्या, तुम्ही ओळी मोजल्यात पण रकमांची बेरीज जुळते का ते बघितलंय का? नसेल तर आजच बघा.

उपाय सोपा आहे. प्रत्येक ओळीला आधी स्वतः क्रमांक द्या, १ ते १८६४. एआयला फक्त क्रमांक, मजकूर, रक्कम आणि आत-बाहेर दिशा द्या, आणि त्याच्याकडून परत फक्त क्रमांक आणि खात्याचं नाव मागा. रक्कम, तारीख यातलं काही त्याच्याकडून परत घ्यायचंच नाही. मग ते खातं क्रमांकावरून तुमच्या मूळ शीटला जोडायचं. म्हणजे मूळ आकड्यांना त्याचा हातच लागत नाही. एका वेळी ४०-५० ओळी द्या, जास्त नको, आणि प्रत्येक वेळी गेले किती आले किती हे शीटलाच मोजू द्या. एपीआय (प्रोग्राममधून थेट एआयला विचारायची सोय) वापरत असाल तर उत्तर ठरावीक साच्यातच आणि खात्याचं नाव दिलेल्या यादीतलंच असलं पाहिजे अशी सक्ती करता येते, मग 'आयटी खर्च' हे नवीन नाव जन्मालाच येत नाही.

बेरीज-वजाबाकी तर त्याला अजिबात सांगू नका. नफा-तोटा शीटमध्ये फॉर्म्युल्याने काढायचा. गणित करायला साधा फॉर्म्युला आहे तो कधी चुकत नाही, मग चुकू शकणाऱ्याला का विचारायचं.

आणि खरं सांगायचं तर १,८६४ मधल्या निम्म्याहून जास्त ओळींना एआयची गरजच नसते. दर महिन्याला त्याच त्या वीस-पंचवीस पार्ट्या येतात. त्यांच्यासाठी सरळ नियम करा, मजकुरात अमुक शब्द असेल तर अमुक खातं. नियम आज जे उत्तर देतो तेच उद्या देतो. मॉडेलचं तसं नाही, उत्तरात किती फेरफार होऊ द्यायचा ते ठरवणारी तापमान नावाची एक सेटिंग असते, ती शून्यावर ठेवली तरी दर वेळी हुबेहूब तेच उत्तर येईल याची हमी नसते. म्हणून आधी नियम, नियमात न बसलेल्यांसाठी जुन्या पक्क्या केलेल्या नोंदींशी साधर्म्य शोधायचं, आणि तरी उरलेलं एआयला. तो एआयचा वाटा दर महिन्याला कमी व्हायला पाहिजे, कारण त्याने लावलेलं आणि तुम्ही तपासलेलं जे आहे ते पुढच्या महिन्यासाठी नियम होतं.

एक छोटी गोष्ट राहिली. एक्सेल १५ अंकांपुढचे अंक शून्य करून टाकतं. लांबलचक व्यवहार क्रमांक असतील तर तो कॉलम उघडतानाच मजकूर म्हणून आणा, नाहीतर नंतर जुळवणी करताना डोकं धराल, मी दोन संध्याकाळी घालवल्यात यात.

---

सावकाश

मी जरा वेगळं मत मांडतो, राग मानू नका कोणी.

हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये नियम लावायची सोय कित्येक वर्षांपासून आहे. वरच्या दादांनीच सांगितलं की निम्म्याहून जास्त ओळी नियमांनी सुटतात. मग उरलेल्या काही शे ओळींसाठी एआय आणायचा, त्याला यादी द्यायची, त्याचं उत्तर तपासायचं, एवढा खटाटोप कशाला? त्या ओळी स्वतः बघा ना. मी दर शनिवारी सकाळी अर्धा तास बसतो आणि आठवड्याच्या ओळी हाताने लावतो. त्यामुळे मला न बघता सांगता येतं की माझं होस्टिंग वाढलंय, एका सेवेचं बिल दोनदा कापलंय, एक ग्राहक हळूहळू उशिरा पैसे द्यायला लागलाय. हे मला कुठल्याही रिपोर्टने नाही सांगितलं, एन्ट्री करता करता दिसलं. गेल्या वर्षी बंद केलेली एक सबस्क्रिप्शन अजून कापली जातेय हे मला असंच सापडलं. ती ओळ एआयने गुपचूप 'सॉफ्टवेअर' मध्ये लावली असती, आणि खातं म्हणून ते बरोबरच होतं! पण पैसे जात राहिले असते.

कोरी_पाटी, तुमचं १४ महिन्यांचं तुंबलेलं आहे तेवढ्यापुरतं मी समजू शकतो. पण पुढे तरी दर आठवड्याला हाताने करा असं मी मनापासून सांगेन.

---

पक्की_किर्द

सावकाश, तुमचा मुद्दा मला मान्य आहे आणि तो महत्त्वाचा आहे. बरोबर खात्यात लागलेली पण मुळात नको असलेली ओळ, हे कुठलीच यंत्रणा पकडत नाही. फक्त आठवड्याला चाळीस ओळी असणाऱ्याला हे जमतं, माझ्याकडे काही व्यवसायांच्या दिवसाला दोनशे ओळी येतात, तिथे हाताने करणाऱ्याचंही लक्ष शेवटी शेवटी उडतंच आणि माणूससुद्धा 'गेल्या वेळी काय लावलं होतं' बघून तेच ठोकतो. मी स्वतः केलंय हे.

कोरी_पाटी, आता तुमच्या प्रश्नाचा जो खरा भाग आहे, सगळं परत न वाचता चुका कशा शोधायच्या, त्यावर लिहिते.

चुका सगळीकडे सारख्या पसरलेल्या नसतात. शंभरातल्या पंचाण्णव ओळी बरोबर असं कोणी म्हटलं की मी विचारते, उरलेल्या पाच कुठल्या? कारण टॅक्सीच्या चाळीस ओळी बरोबर लावल्या आणि कर्जाचा एक हप्ता चुकवला तर ओळींच्या हिशेबाने छान, पण पुस्तकं चुकलेली. म्हणून मी ठरावीक जागा डोळ्यांत तेल घालून बघते.

कर्जाचा हप्ता ही पहिली जागा. समजा १०,००० चा हप्ता गेला आणि त्यात ३,८०० व्याज आहे, तर खर्च फक्त ३,८०० चा, बाकी ६,२०० ने तुमचं देणं कमी झालं. बँकेच्या ओळीत १०,००० एवढंच दिसतं. एआय सगळं व्याजात टाकतो किंवा 'कर्ज खर्च' असं काहीतरी करतो. विभागणी कर्जाच्या तक्त्यावरूनच करावी लागते.

मग मोठ्या वस्तू. लॅपटॉप घेतला तर तो मालमत्तेत जायला पाहिजे आणि त्याचा घसारा, म्हणजे वापराने कमी होणारी किंमत, काही वर्षांत पसरायला पाहिजे, तोच लॅपटॉप दुरुस्त केला तर तो त्या वर्षीचा खर्च. दोन्ही ओळी एकाच दुकानाच्या नावावर येतात. किती रकमेपासून मालमत्ता धरायची ही मर्यादा तुमच्या अकाउंटंटला विचारून ठरवा आणि ती यादीतच लिहून टाका.

वर्षभराचं आगाऊ भरलेलं बिलही बघा. १२,००० भरलेत आणि वर्ष संपायला तीनच महिने उरलेत तर या वर्षाचा खर्च ३,००० आणि ९,००० आगाऊ दिलेले म्हणून पुढे न्यायचे. अनामत रक्कम दिली असेल तर ती खर्च नाही, परत मिळणार आहे. ग्राहकाकडून आलेला आगाऊ पैसा काम होईपर्यंत उत्पन्न नाही, ते देणं आहे. ग्राहकाकडून गोळा करून पुढे भरायचा कर हाही तुमचा खर्च नाही. या सगळ्यांत एक साम्य आहे बघा, इथे चुकलं तर नुसतं एका खर्चातून दुसऱ्या खर्चात जात नाही, नफा-तोटा पत्रकातून ताळेबंदात (मालमत्ता आणि देणी दाखवणाऱ्या पत्रकात) किंवा उलटं जातं. प्रवासखर्च चुकून जाहिरातीत पडला तर वाईट आहे पण नफा तोच राहतो. कर्जाचं मुद्दल खर्चात पडलं तर नफाच खोटा होतो. तपासायला वेळ कमी असेल तर या हद्दीवरच्या ओळी आधी तपासा.

आणि तुमचा पेमेंट गेटवे. तो तुम्हाला फी कापून उरलेले पैसे पाठवतो ना? मग बँकेत दिसणारा आकडा ही तुमची विक्री नाही. समजा ५०,००० ची विक्री झाली, २,००० परत केले, १,००० फी कापली, बँकेत आले ४७,०००. एआय ४७,००० विक्री म्हणून लावणार. खरी नोंद अशी की (आपल्या पुस्तकात बँकेत पैसे आले की बँक नावे लिहितात, बँकेच्या स्टेटमेंटच्या उलट) बँक नावे ४७,०००, गेटवे फी नावे १,०००, विक्री परत नावे २,०००, आणि विक्री जमा ५०,०००. नफा दोन्हीकडे सारखाच येतो म्हणून लोक दुर्लक्ष करतात, पण विक्रीचा आकडा चुकतो, आणि विक्रीवर ज्या ज्या गोष्टी ठरतात त्या सगळ्या चुकतात. यासाठी बँकेचं स्टेटमेंट पुरत नाही, गेटवेचा सेटलमेंट रिपोर्ट डाउनलोड करायचा.

---

झाकली_मूठ

एक गोष्ट कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. १४ महिन्यांची अख्खी स्टेटमेंट्स चॅटबॉटला टाकलीत, त्यात अकाउंट नंबर, ग्राहकांची नावं, कदाचित घरच्यांची नावं, औषधांची बिलं, सगळं आलं. तुमचे ग्राहक तुम्हाला पैसे देतात, ती माहिती आणखी कुठे जाईल असं त्यांना वाटत नसतं. माझ्या मते ही तुमच्यापेक्षा त्यांच्याबद्दलची जबाबदारी आहे.

ज्या सेवेत टाकलं तिच्या सेटिंगमध्ये जाऊन बघा की तुमचा मजकूर मॉडेल शिकवायला वापरायची परवानगी चालू आहे का, असेल तर बंद करा, आणि ते संभाषण डिलीट करा. पुढच्या वेळी आधी शीटमध्येच अकाउंट नंबर आणि व्यवहार क्रमांक काढून टाका, तसेही ते खातं ठरवायला लागतच नाहीत. व्यक्तींच्या नावाऐवजी 'ग्राहक १७' असं लिहा आणि कोण १७ ते स्वतःकडच्या शीटमध्ये ठेवा. कंपन्यांची नावं ठेवावी लागतील कारण त्यावरूनच तो ओळखतो. हेही नको असेल तर स्वतःच्या कॉम्प्युटरवर चालणारी मॉडेल्स आहेत, ओलामा सारख्या प्रोग्रामने बसवता येतात, ४०-५० ओळी ठरलेल्या यादीत लावायला फार मोठं मॉडेल लागत नाही, जरा हळू चालतं इतकंच.

---

अर्धविराम

ताईंचा मुद्दा अगदी योग्य, मी हे आधीच लिहायला हवं होतं.

अजून एक. बरेच जण एआयला सांगतात की प्रत्येक उत्तरापुढे तुझी खात्री किती टक्के ते लिही, आणि ९० च्या वरचं सगळं न बघता घेतात. असं करू नका. तो आकडा मोजून आलेला नसतो, तोही त्याने इतर शब्दांसारखाच लिहिलेला असतो, आणि चुकीच्या उत्तराला ९५ लिहिताना मी त्याला कितीदा तरी बघितलंय. मी त्याऐवजी त्याच ओळी दोनदा देतो, दुसऱ्या वेळी क्रम पूर्ण बदलून आणि जमलं तर वेगळ्या मॉडेलला. दोघांचं उत्तर वेगळं आलं की ती ओळ माणसाकडे. दोघंही मिळून तीच चूक करू शकतात हे खरंय, कर्जाच्या हप्त्यासारखी, म्हणून पक्की_किर्द ताईंची ती हद्दीवरची यादी वेगळी तपासावीच लागते, पण साध्या गोंधळाच्या ओळी अशा चटकन वर येतात.

---

कोरी_पाटी

सगळ्यांचे मनापासून आभार, तीन आठवडे लागले पण परत येऊन सांगायचं ठरवलंच होतं.

जुनं सगळं बाजूला ठेवलं आणि मूळ स्टेटमेंटपासून सुरू केलं. झाकली_मूठ ताई, ती सेटिंग चालूच होती, बंद केली, संभाषण काढून टाकलं, आणि यावेळी नंबर आणि नावं काढूनच दिलं. ही गोष्ट माझ्या डोक्यातच आली नव्हती, याचं खरंच वाईट वाटलं.

आपसातल्या फिरवाफिरवीच्या २१२ ओळी निघाल्या. एवढ्या असतील असं वाटलं नव्हतं. नियमांनी १,००६ ओळी लागल्या, नियम लिहायला दोन दिवस गेले. उरल्या ६४६. त्या ४० च्या गठ्ठ्यांनी दोनदा दिल्या, त्यातल्या ४९२ ना दोन्ही वेळा तेच खातं आलं आणि १५४ एकतर जुळल्या नाहीत किंवा 'विचारा' मध्ये आल्या. त्या १५४ मी बसून केल्या, जुनी ईमेल्स काढून, कॅलेंडर बघून. पक्की_किर्द ताई, तुम्ही ते कच्च्या वहीचं म्हणालात ते तिथे कळलं. एका ओळीसाठी पाऊण तास शोधत होतो, शेवटी कळलं की ते एका ग्राहकासाठी मी फॉन्टचं लायसन्स घेतलं होतं आणि त्याला बिलात लावायचंच विसरलो होतो! आता मागितलेत त्याच्याकडे.

४९२ मधल्या शंभर ओळी कुठल्याही उचलून तपासल्या, सात चुकलेल्या होत्या आणि त्यातल्या पाच एकाच पार्टीच्या, म्हणजे नियम केला की पाचही गेल्या, आणि त्या पार्टीच्या बाकीच्या ओळी पण सुधारल्या. मोठ्या रकमांच्या सगळ्या बघितल्या. कर्ज नाहीये माझ्यावर पण एक वार्षिक बिल आणि एक अनामत सापडली, दोन्ही त्याने खर्चात टाकली होती.

जुन्या पद्धतीने आलेला नफा आणि आत्ताचा नफा यात इतका फरक आहे की आधीच्या आकड्यावर मी एक मोठी खरेदी करायच्या विचारात होतो ती आता थांबवलीये.

फक्त एका गोष्टीत अडकलोय. प्रत्यक्ष स्टेटमेंटची अखेरची शिल्लक आणि माझ्या पुस्तकातली शिल्लक यात ५४० चा फरक येतोय. ओळी सगळ्या आहेत, १,८६४ च्या १,८६४. कुठे शोधू?

---

पक्की_किर्द

फार छान केलंत, फॉन्टचे पैसे तर आलेच पाहिजेत.

५४० ला ९ ने भाग जातो, ६० येतात. फरकाला ९ ने पूर्ण भाग गेला की पहिली शंका अंकांच्या अदलाबदलीची घ्यायची, म्हणजे १,७१० चं १,१७० लिहिलं गेलं असं काहीतरी. पण तुमच्या रकमा तर स्टेटमेंटवरून थेट आल्यात, त्या कोणी टाइप केल्या नाहीत ना? हाताने टाकलेल्या एन्ट्र्या कुठल्या आहेत त्या आधी बघा, गेटवेच्या रिपोर्टवरून विभागणी केलीत त्या किंवा पीडीएफमधून बघून लिहिलेल्या. तिथे नसेल तर दुसरी शंका, ५४० चा अर्धा २७०. २७० ची एखादी ओळ शोधा, ती जमेच्या जागी नावे पडली असेल तर फरक बरोबर दुप्पट येतो. ग्राहकाला परत केलेले किंवा तुम्हाला परत आलेले पैसे यांच्या ओळी यात फार सापडतात, कारण काही स्टेटमेंट्समध्ये दिशा वेगळ्या कॉलमात असते आणि शीटमध्ये आणताना वजाचं चिन्ह हरवतं. आणि महिन्यामहिन्याची शिल्लक जुळवा, एकदम १४ महिन्यांची नको. ज्या महिन्यात फरक पहिल्यांदा दिसेल तिथेच थांबा.

---

कोरी_पाटी

सापडलं! सातव्या महिन्यात. २७० चाच परतावा, एका सेवेने मला परत केलेले, कार्डच्या स्टेटमेंटमध्ये शेवटी दोन अक्षरांनी जमा असं लिहिलेलं होतं आणि शीटमध्ये आणताना ती अक्षरं उडाली, तो खर्च म्हणून बसला होता. चिन्ह बदललं, सगळे १४ महिने जुळले. आता त्या दोन अक्षरांसाठी वेगळा कॉलम केलाय आणि सावकाश, तुमचं ऐकून शनिवारची सकाळ ठरवलीये, या आठवड्याच्या ३१ ओळी आहेत.